टोमॅटो राहू द्या, आधी मेथी पेरा

प्रश्न : ताई, आमचं भांडुपला दुसऱ्या मजल्यावर घर आहे. खिडकीच्या ग्रिलमध्ये सहा फूट लांब, दीड फूट रुंद जागा आहे. ऊन येतं दुपारी दोन ते साडेचार. ऑगस्टमध्ये नर्सरीतली लाल माती आणून टोमॅटोचं बी टाकलं. रोपं काडीसारखी लांबली आणि कोलमडली, माती विटेसारखी घट्ट झाली. त्यात खालच्या काकू, कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळतं, म्हणून दोनदा सांगून गेल्या. हौस खूप आहे, पण सुरुवात कशी करू?

उत्तर : अडीच तासांच्या उन्हावर टोमॅटो धरत नाही, कितीही जीव लावला तरी. टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं, आणि ऑगस्टात मुंबईत सूर्य दिसायचीच मारामार. उजेड शोधत रोप उंच जातं, बुंधा मात्र नाजूक राहतो. तुमच्याकडे तेच झालं. पालेभाजीचं एवढ्या उन्हात भागतं.

म्हणून पहिलं पीक मेथी. बी विकत आणू नका, मसाल्याच्या डब्यातले मेथीदाणे घ्या. बाजारात बोटभर लांबीच्या, मुळांना वाळू लागलेल्या समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या मिळतात ना, ती हीच मेथी, दाट पेरून कोवळीच उपटलेली. मी गिरगावात चाळीच्या गॅलरीत कितीतरी वर्षं हीच लावते आहे. चार इंच खोलीचा पसरट टब घ्या, तळाला भोकं पाडा. निम्मी धुतलेली वाळू, निम्मी माती भरा. रात्रभर भिजवलेले दाणे एकमेकांना जवळजवळ खेटतील इतके दाट पसरा आणि वर बोटाच्या पेराएवढाही नाही, जेमतेम झाकेल इतकाच थर द्या. तीन-चार दिवसांत मातीला भेगा पडतात आणि वाकलेले पांढरे देठ टरफल डोक्यावर घेऊन वर येतात. ते बघायला मी अजूनही सकाळी चहाच्या आधी गॅलरीत जाते. दहा-बारा दिवसांनी मुळांसकट उपटा, मुळं कापा, तीन-चार पाण्यांतून वाळू काढा आणि लसणाच्या फोडणीवर परता. दर आठवड्याला एक टब पेरलात तर खंड पडत नाही.

आता माती. नुसती लाल माती कुंडीत दगड होते, आणि ओली झाली की ग्रिलला तिचं वजनही फार. रसवंतीवाल्याकडून उसाचं चिपाड मागून आणा, तो आनंदाने देतो. एक दिवस पाण्यात भिजवून त्यातली साखर काढून टाका, नाहीतर मुंग्यांची रांग लागेल. मग वाळवून बारीक तुकडे करा आणि मोठ्या कुंडीत निम्म्यापर्यंत भरा, वर माती आणि गांडूळखत. चिपाड कुजत जाईल तशी पातळी खाली बसते, तेव्हा भर घालत राहा. प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथलाच ओला कचरा जिरवून भाज्या आणि फळझाडं वाढवली. तुमच्या भाजीच्या देठा-सालांचीही माती होते, ती फेकू नका.

काकूंचं म्हणणं रास्त आहे. प्रत्येक कुंडीखाली थाळी ठेवा, पेल्याने थोडं थोडं पाणी घाला आणि पंधरा मिनिटांनी थाळी रिकामी करा. ही शेवटची गोष्ट विसरू नका, डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

मेथीचे दोन-तीन टब निघाले की कोथिंबीर लावा. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा. उगवायला दहा-बारा दिवस लागतात, तोवर कुंडी उकरून बघू नका. आणि टोमॅटोचं उरलेलं बी पूर्वेकडची खिडकी असलेल्या एखाद्या मैत्रिणीला देऊन टाका, थंडी लागायच्या आत.