क्षमा 490 वेळाच करायची का?

नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, भावाला सात वेळा क्षमा करू का? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा, म्हणजे हिशेबाने 490. पण त्याचा अर्थ, मोजणंच सोड.

येशूने पुढे सांगितलेला दाखला, म्हणजे बोधकथा, नीट वाचा. राजा एका चाकराला 10,000 तालंतांचं कर्ज माफ करतो. एक तालंत साधारण 6,000 दिनारांचा, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. 6 कोटी दिवसांची कमाई, उभ्या जन्मात न फिटणारी! तोच चाकर बाहेर पडतो आणि 100 दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. हे वाचताना मला दर वेळी स्वतःचीच भीती वाटते.

मात्र अन्याय मुकाट सोसा, असं इथे म्हटलेलं नाही. त्याच अध्यायात अपराध करणाऱ्या भावाला एकांतात त्याची चूक दाखवायलाही सांगितलं आहे.