दोन्ही सीट एकाच सकाळी गार पडल्या, तर दोष कव्हरचा कसा?

प्रश्न : मी भिलारचा (ता. महाबळेश्वर) शेतकरी. पुण्याच्या एका डीलरकडून २३ लाखांना जुनी लक्झरी गाडी घेतली. पाठीच्या दुखण्यामुळे गरम होणाऱ्या सीट बघूनच घेतली. एक वर्षाची लेखी वॉरंटी आहे. डिसेंबरात एका सकाळी पुढच्या दोन्ही सीट गरम व्हायच्या बंद झाल्या. साताऱ्यात कव्हर बसवून घेतल्याने वॉरंटी गेली, असे डीलर फोनवर सांगतो. गाडी परत देऊन पूर्ण पैसे मिळतील का?

उत्तर : पूर्ण पैशांचा नाद सोडा. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे कबूल केले असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योगच्या प्रकरणात सांगितले आहे. सीटच्या हीटरसाठी २३ लाख परत मागितलेत, तर तुमची खरी तक्रारही कोणी गांभीर्याने घेणार नाही. दुरुस्ती, खर्च आणि त्रासाबद्दल माफक भरपाई एवढेच मागा.

आता कव्हरचे. तुम्ही पाठवलेल्या वॉरंटीच्या कागदात इलेक्ट्रिकल सामान धरले आहे. बाहेर केलेल्या कामामुळे झालेला बिघाड तेवढा वगळला आहे. म्हणजे कव्हर घातले एवढ्यावर वॉरंटी जात नाही. कव्हरमुळेच बिघाड झाला, हे डीलरने दाखवायचे आहे.

त्याचा बहाणा अगदीच हवेतला नाही बरं का. सीटच्या आवरणाखाली बारीक तारेचे पॅड असते. कव्हर ताणताना हूक किंवा पिन आत घुसली, किंवा कोणी सीटवर गुडघा रोवून मागचे क्रेट ओढले, की ती तार तुटू शकते. पण अशाने एक सीट जाईल. दोन वेगळ्या सीटच्या तारा एकाच सकाळी तुटणे पटण्यासारखे नाही. दोन्ही एकदम गेल्या, की संशय आधी फ्यूजवर जातो, मग दोन्हींच्या सामाईक वीजपुरवठ्यावर किंवा कंट्रोल मॉड्यूलवर (हीटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर). बॅटरी उतरलेली असली तरी काही गाड्या हे हीटर आपणहून बंद ठेवतात, आणि तुमच्याकडच्या थंडीत बॅटरी दमतेच. नुसता फ्यूज निघाला तर किरकोळ खर्चात काम होईल, वकिलाची फी वाचेल.

म्हणून नोटिशीच्या आधी गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये दाखवा. फ्यूज, कनेक्टर, स्कॅनरवर आलेले फॉल्ट कोड आणि प्रत्येक पॅडचा मल्टिमीटरवरचा रेझिस्टन्स (तार तुटली आहे का, ते यावरून कळते) जॉबकार्डवर लिहून घ्या. पॅड शाबूत निघाले, तर कव्हरची सबब तिथेच संपली. सीटखाली स्वतः हात घालू नका. तिथले पिवळे कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात. गावातल्या वायरमनकडून थर्मोस्टॅट (तापमान आवरणारा भाग) वगळून ‘डायरेक्ट’ तर मुळीच करून घेऊ नका. पॅड जास्त तापून भाजायची भीती असते, शिवाय डीलरला आयते कारण मिळते.

फोनवरचा नकार नंतर कोणीही नाकारतो. ‘दुरुस्ती का नाकारता, ते लेखी कळवा’ असा ईमेल आजच टाका. जॉबकार्ड हाती आले, की त्याची प्रत जोडून स्पीड पोस्टाने नोटीस द्या, १५ दिवसांची मुदत पुरे.

तरीही दाद दिली नाही तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. बिलावर ‘पुणे न्यायकक्षा’ छापले असेल, त्याने बिचकू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली की जिल्हा आयोग. २० ते ५० लाखांच्या टप्प्याला फी १,००० रुपये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पण डीलरच्या ‘बघतो, करतो’वर ती घालवू नका. दोष तपासणीशिवाय कळत नसेल, तर आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो. वकील सक्तीचा नाही, तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता.

गाडीचे बिल तुमच्या वैयक्तिक नावावर आहे, हे बरे. स्ट्रॉबेरीच्या फर्मच्या नावावर असते, तर ‘व्यापारी कारणासाठी खरेदी’ हा वाद निघाला असता. आणि वॉरंटी डीलरऐवजी दुसऱ्याच कंपनीने दिलेली असेल, तर कागदावरचे नाव नीट पाहून तक्रारीत तिलाही जाबदार (विरुद्ध पक्ष) करा.