अट लिहिण्याआधी

जळगाव

प्रिय वकीलबुवा,
अनेक आशीर्वाद.

रावेरच्या आप्पांच्या खासगी ट्रस्टचा तुझा मसुदा वाचला. अटींचीच दोन पानं! केळीच्या बागेलाही इतकं कुंपण कुणी घालत नाही.

आधी सातबारा आणि जुने फेरफार काढ. जमीन वडिलोपार्जित असेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही तिच्यात जन्मतः हिस्सा आहे. दुसऱ्याच्या हिश्श्यावर आप्पा अटी कशा घालणार?

‘शेत कधीच विकायचं नाही’ हे तू त्यांच्या तोंडून जसंच्या तसं उतरवलंस. शेत मुलाच्या नावे करून अशी सरसकट बंदी घातली, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १० प्रमाणे बंदी उडते, शेत त्याचंच राहतं. ट्रस्टमध्ये मालकी विश्वस्तांकडे असते; म्हणून मुलाला उत्पन्न मिळेल आणि विक्री अमुक कारणासाठी विश्वस्तच करतील, असं लिहिता येतं. तेही अनंतकाळ नाही. त्याच कायद्याच्या कलम १४ मुळे वारसाचा हक्क हयात माणसांच्या आयुष्यापलीकडे, फार तर तो वारस सज्ञान होईपर्यंतच, लांबवता येतो.

आता धाकट्याची दारू. ‘व्यसन सुटलं तरच पैसे.’ सुटलं हे ठरवणार कोण? तू विश्वस्त नेमलास थोरल्याला, आणि अट मोडली की वाटा जातो त्याच्याच घरात! तो रोज भावाच्या तोंडाचा वास घेत बसेल. त्यापेक्षा रोख हातात देऊच नये. दवाखान्याचं बिल, पोरांची फी, किराणा विश्वस्तांनी परस्पर भरावा. एक विश्वस्त घराबाहेरचा घे. आणि अट पाळली गेली नाही, तर ती रक्कम कुणाची, हेही लिही. तिथेच भांडणं होतात.

मुलीने जातीतच लग्न करावं ही ओळ खोड. कोर्टात टिकेल की नाही ते सोड, मी असा कागद करत नाही.

आप्पांना हेही सांग की दस्त नोंदवल्यावर मन बदललं, तर रद्द करायचा अधिकार आधीच राखून ठेवलेला हवा. नाहीतर साधारणपणे सगळ्या लाभार्थ्यांची संमती लागते, आणि लाभार्थ्यांत नातवंडं अल्पवयीन आहेत, ती संमती देऊ शकत नाहीत.

केळी कटाईला आली की आप्पा कुणाला भेटत नाहीत. त्याआधी रावेरला जाऊन ये, आणि या खेपेला धाकट्यालाही बैठकीला बसव.

तुझा,
काका