दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले आर्मी-नेव्ही फुटबॉल सामने बंद होते का?

नाही, पण थाट पार बदलला. (हा अमेरिकन फुटबॉल बरं का, आपला पायाने खेळायचा नव्हे; आणि आर्मी-नेव्ही म्हणजे लष्कर आणि नौदलाच्या अधिकारी घडवणाऱ्या अकादमींचे संघ.) एरवी फिलाडेल्फियात लाखाच्या आसपास प्रेक्षक जमायचे. 1942 ला पेट्रोल आणि टायर वाचवायचे म्हणून सामना नेव्हीच्या अकादमीच्या गावी, अ‍ॅनापोलिसमध्येच झाला, तिकिटं फक्त आसपासच्या लोकांना. आर्मीचे कॅडेट येऊ शकले नाहीत. मग गंमत अशी, की नेव्हीच्याच काही मुलांना आर्मीच्या बाजूने ओरडायची ड्युटी लागली! बिचारे ओरडले, पण नेव्ही 14-0 ने जिंकली. 1944 चा सामना बाल्टिमोरला झाला. तो आर्मीने 23-7 असा घेतला आणि त्या निमित्ताने पाच कोटी डॉलरहून जास्त किमतीचे युद्धरोखे (युद्धखर्चासाठी सरकारने काढलेले कर्जरोखे) विकले गेले.