खालचा बर्थ, रात्रीची झोप आणि पनवेलची तारीख

वाचकांचे प्रश्न : रात्रभराचा रेल्वेप्रवास

या वेळचे सगळे प्रश्न रात्रीच्या लांबच्या गाड्यांचे आहेत. बऱ्याच तक्रारींचं मूळ तिकीट काढतानाच सापडतं, म्हणून तशा प्रश्नांना जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : आई-वडील (६३ आणि ६८ वर्षं), मी आणि पत्नी अशा चौघांचं तिकीट महिनाभर आधी काढलं. तरी आईला मधला आणि वडिलांना वरचा बर्थ आला. ज्येष्ठांना खालचा बर्थ देतात ना? (एक वाचक, सांगली)

देतात, पण चौघांचं एकत्र तिकीट काढल्यामुळे तुमच्या आई-वडिलांची संधी गेली. खालच्या बर्थचा एक वेगळा कोटा असतो. स्लीपरच्या प्रत्येक डब्यात ६ ते ७, थर्ड एसीत ४ ते ५ आणि सेकंड एसीत ३ ते ४ बर्थ त्यासाठी बाजूला ठेवलेले असतात. ६० वर्षं किंवा त्याहून मोठे पुरुष, ४५ वर्षं किंवा त्याहून मोठ्या स्त्रिया आणि गरोदर स्त्रिया यांना तो लागू होतो. अट एवढीच की तिकिटावर एक किंवा फार तर दोन प्रवासी असावेत आणि दोघंही या अटीत बसणारे असावेत. मुलगा-सून त्याच तिकिटावर आले की सगळं तिकीट जनरल कोट्यात जातं. तिथेही संगणक वय पाहून खालचा बर्थ देण्याचा प्रयत्न करतो, पण शिल्लक असला तरच.

म्हणून दोन तिकिटं काढा. आधी आई-वडिलांचं, कोट्याच्या यादीत लोअर बर्थ/सीनियर सिटिझन निवडून. ते हातात आलं की त्यावरचा डबा क्रमांक बघा आणि तुमच्या दोघांचं तिकीट जनरलमधून काढताना 'प्रेफर्ड कोच' या रकान्यात तोच क्रमांक टाका. तोच डबा मिळेल याची हमी नाही, पण बुकिंग लवकर केलं तर बहुतेकदा मिळतो. आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, हेही लक्षात ठेवा. जनरलमधूनच काढायची वेळ आली तर किमान एक खालचा बर्थ मिळणार असेल तरच तिकीट काढा, असा पर्याय त्याच पानावर खाली असतो. त्यावर खूण केली की नको असलेलं तिकीट निघून पैसे अडकत नाहीत.

हे सगळं करूनही वरचा बर्थ आला तर गाडी सुटल्यावर टीसीला भेटा. डब्यात खालचा बर्थ रिकामा राहिला असेल तर तो ज्येष्ठांना देण्याचा अधिकार त्याला आहे. वाट बघत बसू नका, पहिल्याच फेरीत विचारा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. खालच्या बर्थचा कोटा ही वेगळी गोष्ट आहे आणि तो चालू आहे.

प्रश्न : १२ तारखेच्या रात्री जेवून निघायचं म्हणून पनवेलहून कोकणकन्याचं १२ तारखेचं तिकीट काढलं. स्टेशनवर कळलं की आमची गाडी आदल्या रात्रीच गेली. असं कसं? (एक वाचक, कामोठे)

कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री ११ नंतर सुटते आणि पनवेलला येते तेव्हा १२ वाजून गेलेले असतात. तिकिटावरची तारीख तुम्ही जिथून चढता त्या स्थानकाची असते. म्हणजे १२ च्या रात्री घरून निघणाऱ्याला पनवेलहून १३ चं तिकीट हवं. ठाण्याला हीच गाडी बाराच्या आधी येते, त्यामुळे तिथून चढणाऱ्याचं तिकीट १२ चंच असतं. बुकिंग करताना आधी 'कोणत्या रात्री घर सोडणार' हे कागदावर लिहा आणि मग स्थानकाची वेळ बघा. वेळ ००.०१ ते साधारण ०३.०० च्या दरम्यान असेल तर तारीख एकाने पुढे.

तत्काळमध्ये हाच घोळ उलट्या बाजूने होतो. तत्काळ उघडतं ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी. एसी वर्गांचं सकाळी १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता. गाडी सीएसएमटीहून १२ ला सुटणार असेल तर तत्काळ ११ च्या सकाळी. तुमच्या तिकिटावर १३ छापलेलं असलं तरी १२ च्या सकाळी संगणकासमोर बसलात तर एक दिवस उशीर झालेला असेल. साठ दिवसांची मोजणीसुद्धा अशीच सुरुवातीच्या स्थानकावरून होते. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं आणि पडताळलेलं लागतं. ते काम आदल्या आठवड्यात उरकून ठेवा, सकाळी ९.५५ ला नव्हे.

कोकणात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळापत्रक वेगळं असतं. वर्षानुवर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे; २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. केरळकडून येणाऱ्या कित्येक गाड्यांची सुटण्याची वेळच या काळात काही तासांनी अलीकडे येते. गणपतीचं परतीचं तिकीट असलं तर घरातल्या जुन्या वेळापत्रकावर विसंबू नका.

प्रश्न : बर्थ क्रमांकावरून खालचा-वरचा कसा ओळखायचा, आणि नीट झोप कुठे लागते? (एक वाचक, अकोला)

स्लीपर आणि थर्ड एसीत क्रमांकाला ८ ने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा, ७ तर साइड लोअर आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. ३६ हा खालचा, ४३ हा वरचा. सेकंड एसीत ६ ने भागा : १ आणि ३ खालचे, २ आणि ४ वरचे, ५ साइड लोअर, ० साइड अप्पर.

झोपेसाठी डब्याचा मधला भाग उत्तम. टोकाच्या कप्प्यांजवळ संडास, बेसिन आणि सतत उघडमिट होणारं दार. शिवाय चाकांची बोगी डब्याच्या टोकांखाली असल्याने दणके तिथे जास्त जाणवतात. लाल एलएचबी डब्यांत स्लीपरला ८० आणि थर्ड एसीला ७२ बर्थ असतात. म्हणजे थर्ड एसीत १ ते ८ आणि ६५ ते ७२ टाळावेत, ३३ ते ४० सगळ्यांत शांत.

ज्याला गुडघ्यांचा त्रास नाही आणि रात्री एकदाही उठायचं नाही, त्याने वरचा बर्थ घ्यावा. कोणी बसायला येत नाही, संध्याकाळी सातला आडवं झालं तरी कोणाची हरकत नाही. एसीची हवा मात्र छतातून येते, तेव्हा कानटोपी किंवा ओढणी हाताशी ठेवा. साइडचे बर्थ लांबीला आखूड असतात, उंच माणसाने घेऊ नयेत. साइड लोअर तर दोन पाठी आडव्या पाडून तयार होतो आणि मधली फट नेमकी कमरेखाली येते. त्या फटीवर चादरीची चौपदरी घडी घातली की पाठ वाचते. काही डब्यांत वरून ओढून घ्यायची सलग फळी असते. खिडकीच्या बाजूला उभी लावलेली आहे का ते पाहा.

प्रश्न : मधला बर्थ किती वाजता लावता येतो? खालचे लोक अकरापर्यंत उठत नाहीत. (एक वाचक, परभणी)

रात्री १० ते सकाळी ६. या वेळेत मधल्या बर्थवाल्याने झोपायचं म्हटलं तर खालच्याने जागा द्यायलाच हवी. सहानंतर खालच्यांना बसायचं असेल तर मधला खाली पाडावा. आजारी, गरोदर किंवा अपंग प्रवासी असेल तर थोडं सांभाळून घ्यावं असंही नियमातच म्हटलं आहे. साइड लोअरवर दोघं आरएसीवाले (एकाच बर्थवर बसायला अर्धी-अर्धी जागा मिळालेले) असतील तरी १० ते ६ या वेळेत साइड अप्परवाल्याचा त्या बसायच्या जागेवर हक्क नसतो. वाद वाढला तर आवाज चढवण्याआधी १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा रेलमदद ॲपवर पीएनआर घालून तक्रार नोंदवा.

बर्थ लावताना दोन्ही बाजूंच्या साखळ्यांच्या कड्या पूर्ण अडकल्यात का ते हाताने खाली ओढून पाहा. अर्धवट अडकलेली कडी धक्क्याने सुटते आणि खाली झोपलेल्याला इजा होते.

प्रश्न : खिडकीवर काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्टनंतरही वेटिंगच राहिलं. त्यावर स्लीपरमध्ये चढता येतं का? (एक वाचक, भुसावळ)

नाही. ते फक्त जनरल डब्यात चालतं. ऑनलाइन काढलेलं पूर्ण वेटिंग तिकीट चार्ट झाला की आपोआप रद्द होऊन पैसे खात्यात येतात. खिडकीवरचं आपोआप रद्द होत नाही, गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत तुम्हालाच ते रद्द करावं लागतं. पैसे बुडतात ते याच विसरण्याने.

वेटिंगचा प्रकारही बघत जा. जीएनडब्ल्यूएल म्हणजे गाडीच्या सुरुवातीच्या किंवा त्याजवळच्या स्थानकांची रांग. तिथे बर्थ सर्वांत जास्त, म्हणून पुढे सरकण्याची शक्यताही जास्त. आरएलडब्ल्यूएल आणि पीक्यूडब्ल्यूएल या मधल्या स्थानकांच्या छोट्या कोट्यांच्या रांगा, त्या हळू सरकतात. मधल्या स्थानकावरून चढणाऱ्याने भाड्यातला फरक परवडत असेल तर तिकीट सुरुवातीच्या स्थानकापासून काढावं आणि चढायचं स्थानक आपलं टाकावं. एकदा ते टाकलं की त्याआधीच्या स्थानकावरून चढता येत नाही.

प्रश्न : आझाद हिंदने पुण्याहून हावड्याला जायचं आहे, मध्ये दोन रात्री. घरचं काय टिकेल? (एक वाचक, पुणे)

दशमी. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, पाण्यात भिजवलेली पोळी वातड होते. चार वाट्या कणकेला दोन मोठे चमचे तेलाचं मोहन, मीठ आणि साधारण दीड ते पावणेदोन वाट्या कोमट दूध. घट्ट भिजवून अर्धा तास झाका, पोळीपेक्षा जरा जाड लाटा आणि मध्यम आचेवर दोन्हीकडून तेल सोडून भाजा.

बिघडतं ते पुढे, बांधताना. गरम दशम्या डब्यात भरल्या की वाफेचं पाणी होतं आणि सकाळी डबा उघडला की आंबूस वास येतो. सुती कापडावर एकेक सुटी पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग कापडातच गुंडाळून डब्यात ठेवा. सोबत शेंगदाण्याची, तिळाची किंवा कारळाची कोरडी चटणी आणि लिंबाचं लोणचं. बटाट्याची भाजी पहिल्या रात्रीच संपवा. ओल्या नारळाची चटणी आणि कोशिंबीर नेऊच नका. दुसऱ्या दिवशी गरम जेवण हवं असेल तर आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवर पीएनआर टाकून नागपूर किंवा रायपूरला मागवता येतं. ऑर्डर आदल्या रात्री रेंज असतानाच देऊन ठेवा.

प्रश्न : एसीतली ब्लँकेट अंगावर घ्यावीशी वाटत नाहीत. (एक वाचक, कोल्हापूर)

चादरी, उशीचे अभ्रे आणि टॉवेल प्रत्येक वापरानंतर धुतात. ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं, असं रेल्वेमंत्र्यांनी २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं होतं. दोन चादरी देतात त्या यासाठीच : एक खाली अंथरायला, दुसरी अंग आणि ब्लँकेट यांच्या मध्ये. पाकीट फुटलेलं किंवा चादर ओलसर असेल तर डब्यातल्या परिचराकडून तिथल्या तिथे बदलून घ्या.

घरी करण्यासारखा उपाय म्हणजे जुन्या मऊ सुती साडीची खोळ. सव्वादोन मीटरचे दोन तुकडे एकावर एक ठेवा, एक लांब बाजू आणि पायाकडची बाजू पूर्ण शिवा, दुसरी लांब बाजू पायाकडून अर्ध्यापर्यंतच. आत शिरून झोपायचं, ब्लँकेट वरून. घडी हातात मावते आणि घरी आल्यावर धुता येते.

प्रश्न : रत्नागिरीला पहाटे उतरायचं असतं. जाग न येण्याच्या भीतीने रात्रभर डोळा लागत नाही. (एक वाचक, डोंबिवली)

१३९ वर डेस्टिनेशन अलर्ट लावता येतो, पीएनआर द्यावा लागतो. रात्री ११ ते सकाळी ७ दरम्यान येणाऱ्या स्थानकाच्या साधारण २० मिनिटं आधी फोन येतो. पण कोकणात त्यावर एकट्यावर भिस्त नको. रत्नागिरीच्या अलीकडे उक्षी आणि भोके यांच्यामध्ये साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे, नेमक्या त्या वेळी रेंज नसते. म्हणून मोबाइलचा साधा गजरही लावा, आणि तो वेळापत्रकातल्या वेळेच्या अर्धा तास आधीचा. गाडी रात्री दीड तास उशिरा आहे म्हणून गजर पुढे ढकलू नका. वेळापत्रकात राखीव मिनिटं ठेवलेली असतात आणि गाडी तेवढा उशीर भरून काढू शकते. बोगदा संपला की चपला घाला, भोके गेलं की सामान घेऊन दाराशी.

फोन झोपायच्या आधी चार्ज करून ठेवा. बऱ्याच गाड्यांत आगीच्या धोक्यामुळे रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगच्या सॉकेटचा पुरवठा बंद ठेवतात. विजेची किटली त्या सॉकेटला कधीच लावू नका, त्याला बंदी आहे.

प्रश्न : रात्री संडास तुंबला तर कोणाला सांगायचं? (एक वाचक, लातूर)

गाडीतले सफाई कर्मचारी साधारण सकाळी ६ ते रात्री १० कामावर असतात. म्हणून साडेनऊलाच एकदा पाहून या आणि पाणी नसेल किंवा घाण असेल तर तेव्हाच त्यांना सांगा. दहानंतर १३९ किंवा रेलमदद. मग पुढच्या मोठ्या स्थानकावर माणूस किंवा पाणी मिळू शकतं. हे जैव-शौचालय आहे, खालच्या टाकीतले जिवाणू मैला पचवतात, प्लास्टिक त्यांना पचत नाही. लहान मुलांचे डायपर, सॅनिटरी पॅड, बाटल्या आत टाकल्या की नळी तिथेच बसते आणि डब्यातल्या ७०-८० माणसांचा एक संडास सकाळपर्यंत बंद पडतो. कागदात गुंडाळून बेसिनखालच्या कचरापेटीत टाका.

प्रश्न : कर्जत आणि कसाऱ्याला गाडी जोरात हिसका का देते? (एक वाचक, नाशिक)

दोन्ही घाटांत ३७ फुटांना १ फूट इतका चढ आहे. तो चढायला मागून जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. जोडताना हिसका बसतो, घाट संपल्यावर लोणावळ्याला किंवा इगतपुरीला ती सुटतात तेव्हाही थोडा जाणवतो. गाडी तिथे उभी असताना वरच्या बर्थवर चढू-उतरू नका आणि लहान मुलाला शिडीवर ठेवू नका. चहाचा कप गाडी हलल्यावरच घ्या.