डावा हात बाकावर

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. पट ३१. यंदा एक कर्णबधिर मुलगी आली आहे, म्हणून सगळ्यांनाच भारतीय सांकेतिक भाषा शिकवायचं ठरवलंय. पण एका मुलाचा डावा हात चालत नाही. त्याचं काय करू?

उत्तर : बाई, आधी बाकं हलवा. रांगेत बसलेल्या पोराला पुढच्याची मान दिसते, खुणा नाही. अर्धगोल करा. आणि खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका, तुमचे हात काळे दिसतात. मी पहिला महिनाभर हेच केलं; शेवटी एका पोरीने माझा दंड धरून मला फिरवलं!

आता तो मुलगा. बोटलिपी म्हणजे बोटांनी एकेक अक्षर दाखवायचं; सांकेतिक भाषेतली आपली इंग्रजी बोटलिपी दोन हातांची. ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर म्हणजे डाव्या हाताची अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची टोकं, उजव्या तर्जनीने टेकवायची. त्याने डावा पंजा बाकावर ठेवावा, उजवा चालतोय ना? पंजा उघडत नसेल तर शेजाऱ्याचा उसना घ्यावा. बाकीच्या खुणा तो एकहाती करील; बरेच बधिर लोक पिशवी हातात असली की तसंच बोलतात.

बोटलिपीत मात्र अडकू नका. ‘तुझं नाव काय?’पासून सुरू करा. ‘काय’ शेवटी येतं, अगदी मराठीसारखं. दिल्लीच्या सरकारी सांकेतिक भाषा केंद्राचा (ISLRTC) १०,०००हून अधिक शब्दांचा व्हिडिओ-कोश फुकट आहे. त्या मुलीला उठसूट ‘करून दाखव’ म्हणू नका, तीही शिकायलाच आलीय. खूण-नावं, म्हणजे नावाऐवजी करायची ज्याची-त्याची खास खूण, मात्र तिलाच ठेवू द्या. माझं एका वर्गाने ‘घसरणारा चष्मा’ ठेवलंय.