माझा भाऊ कच्चा कैदी म्हणून आत आहे. तुरुंगात एचआयव्ही, हिपॅटायटिसची तपासणी सक्तीने करतात का? रिपोर्ट घरी कळतो का?

एचआयव्हीची सक्तीने करता येत नाही. 2017 चा कायदा आहे, सप्टेंबर 2018 पासून लागू. कोर्टाचा हुकूम सोडला तर नीट समजावून, संमती घेतल्याशिवाय तपासणी नाही, मग माणूस कच्चा असो की पक्का. पण भावाला सांगा, नाही म्हणू नकोस. त्याच कायद्याने सरकारच्या ताब्यातल्या माणसाला तपासणी आणि उपचार मिळायचा हक्क दिलाय, तो कशाला सोडायचा?

मी लॅब टेक्निशियन होतो. दोन-तीन महिन्यांनी जिल्ह्याच्या कारागृहात शिबिर असायचं. गेटवर मोबाइल जमा, बोटाला टोचायच्या सुया मोजून आत आणि मोजून बाहेर. एकदा एक कमी भरली, तर तासभर कापसाचा कचरा उपसत बसलो होतो. बराकीत गेलेल्या सुईचं पुढे गोंदण होतं.

2022 च्या पावसाळ्यात एक पोरगं आलं, विशीतलं, मोबाइलचोरीतलं. मनगटावर आईचं नाव, आतच गोंदलेलं, चप्पल जाळून केलेल्या काजळीने. हिपॅटायटिस सीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. दोन रेघा म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहेच असं नाही, काहींचा आपोआप जातो. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी, केल्याशिवाय कळत नाही. मी आमच्या साहेबांना म्हटलं, त्याचं रक्त आजच काढून नेतो. साहेब म्हणाले, "पुढच्या फेरीत बघू." आणि यादी, त्याच्या नावाला लाल पेनाने गोल केलेली, टेबलावर उघडी.

संध्याकाळपर्यंत बराकीत बातमी. पोराचं ताट वेगळं, अंथरूण संडासाच्या दाराशी. ताटाने हा आजार पसरत नाही, रक्ताने पसरतो. ज्या एका ब्लेडवर सात-आठ जण दाढी करत होते, ते मात्र कुणी फेकलं नाही!

पुढच्या फेरीला गेलो तर पोराला जामीन झालेला. रजिस्टरात पत्ता म्हणून 'स्टेशनमागे' एवढंच. सरकारी कार्यक्रमात गोळ्या फुकट आहेत, लिव्हर फार बिघडलं नसेल तर बहुतेकांना 12 आठवडे पुरतात, शंभरातले पंचाण्णव बरे होतात. साहेबांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "जेलातल्यांना कसली आलीय प्रायव्हसी?" तेव्हा गप्प बसलो, नोकरी होती. आज सांगतो, साहेब, यादी झाकायला काही पैसे पडत नव्हते. एक फाइल आडवी ठेवायची होती.

तर तुमचं. एचआयव्हीचा रिपोर्ट भावाच्या संमतीशिवाय आईवडिलांना सांगत नाहीत. बायकोला सांगायची मुभा डॉक्टरला काही अटींवर आहे. हा कायदा एचआयव्हीपुरता, हिपॅटायटिसला नाही. हिपॅटायटिस बी गोळ्यांनी आटोक्यात राहतो, सहसा मुळासकट जात नाही, पण रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि आधी लस झाली नसेल तर ती मागून घ्या. एचआयव्ही निगेटिव्ह आला आणि धोका ताजा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करा. पॉझिटिव्ह काही निघालं तर पुढचं रक्त त्याच दिवशी काढायला लावा आणि कागदाची झेरॉक्स वकिलाकडे ठेवा. जामीन काही शिबिराची तारीख बघून होत नाही.

आणि मुलाखतीला जाल तेव्हा आधी विचारा, दाढी कुणाच्या ब्लेडने करतोस.